भिंगवाल्यांचा हात

दुकानात येणारा दर तिसरा माणूस मला एकच प्रश्न विचारतो. नवीन गेम येतोय, माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर नीट चालेल का? वीस वर्षं हेच ऐकतोय. आता समोरच्याचं बोलणं संपायच्या आत माझं उत्तर तयार असतं: मशीन म्हातारं झालंय, सेटिंग कमी ठेवा आणि भागवा. एवढं सांगायला मशीन उघडावंही लागत नाही. लोक मान हलवून निघून जातात आणि मी परत माझ्या चहाकडे वळतो. कामाचा कंटाळा आला की माणसाला असं शहाणपण सुचतं.

भिंगवाल्यांनाही मी हेच सांगत आलो होतो.

त्यांचं खरं नाव पावतीवर असेल, माझ्या तोंडात कायम भिंगवाले. दोन गल्ल्या सोडून चष्म्याच्या काचा तयार करणारा कारखाना आहे, तिथे ते एकतीस वर्षं कामाला. डोळ्यांचा नंबर येतो, त्याप्रमाणे काच घासायची आणि फ्रेमच्या मापात कापायची. बरंचसं आता यंत्रच करतं. पण बिनफ्रेमच्या चष्म्याला काचेतच भोक पाडावं लागतं, आणि ते केसभर जरी सरकलं तरी काच तडकते. ते टेबल भिंगवाल्यांचं. हे मला त्यांच्या मालकांनी सांगितलं, ऑफिसचं मशीन दुरुस्तीला आणलं होतं तेव्हा. भिंगवाले स्वतःबद्दल दोन वाक्यं बोलतील तर शपथ.

असा माणूस सहा वर्षांपूर्वी माझ्याकडे आला आणि म्हणाला, गेम खेळायचा कॉम्प्युटर हवाय. मला वाटलं, मुलासाठी असेल. तर स्वतःसाठी. त्यांना मूलबाळ नाही. धाकटा भाऊ आहे, बारा वर्षांनी लहान. आई लवकर गेली, तेव्हा शाळेच्या डब्यापासून सगळं यांनीच केलं. तो भाऊ नोकरीसाठी लांब गेला. फोनवर दोघांचं बोलणं म्हणजे जेवलास का, जेवलो, ठेवतो. मग भावानेच गाड्यांच्या शर्यतीचा एक गेम काढला. त्यात एका गाडीत दोघं बसतात. एक चालवतो, दुसरा शेजारी बसून पुढची वळणं वाचून दाखवतो. दर रविवारी सकाळी दहा ते बारा, दादा चालवणार आणि धाकटा वाचणार. भिंगवाल्यांच्या बायकोने मला एकदा सांगितलं होतं की आठवडाभर गप्प बसणारा हा माणूस रविवारी दोन तास खदखदून हसतो, शेजारी विचारतात घरी पाहुणे आलेत का.

त्या गेमचा पहिला भाग मशीनला हलका होता, चालून गेला. दुसरा आला आणि तक्रारी सुरू झाल्या. वळणावर चित्र किंचित अडतं, म्हणायचे. अगदी पापणी लवते तेवढं, पण तेवढ्यात गाडी दरीत. ते मशीन घेऊन यायचे. मी ब्लोअरने धूळ उडवायचो, पाच मिनिटं गेम चालवून बघायचो. झक्क चालायचा. दोन महिन्यांनी परत तेच. चौथ्या-पाचव्या खेपेला माझं डोकं फिरलं. दुकानात तीन गिऱ्हाइकं उभी होती, फोन वाजत होता, आणि हे शांतपणे सांगतायत की चित्र अडतं. मी म्हणालो, मशीन ठणठणीत आहे, वय तुमचं होतंय, डोळ्यांना दिसलेलं हातापर्यंत पोचायला आता वेळ लागतो. गिऱ्हाइकं हसली. भिंगवालेही हसले आणि मशीन उचलून गेले.

त्यानंतर तीन वर्षं ते दुकानात फिरकले नाहीत. मलाही बरंच वाटलं.

मागच्या बुधवारी दुपारी आले. चादरीत गुंडाळलेलं मशीन दोन्ही हातांनी धरलेलं, तीन जिने चढून धाप लागलेली. मी खुर्ची दिली, ती घेतली नाही. खिशातून घडी केलेला कागद काढला. त्या गेमचा तिसरा भाग पुढच्या महिन्यात येतोय. त्याला काय काय लागतं ते एका बाजूला, आपल्या मशीनमध्ये काय आहे ते दुसऱ्या बाजूला, रेघा मारून लिहिलेलं. अक्षर असं की छापलंय वाटावं.

सांगायला लागले. दुसऱ्या भागात गाडी सारखी दरीत जायला लागली, तसा भाऊ वैतागायला लागला. मी वेळेवर वाचतो, तू उशिरा वळवतोस, म्हणायचा. एका रविवारी म्हणाला, दादा, राहू दे, तुझ्याने होत नाही आता. नंतर खेळ बंद झाला आणि हळूहळू फोनही. आता तीन वर्षांनी त्याचा आपणहून निरोप आलाय: नवीन भाग येतोय, शर्यतीत जोडीने नाव द्यायचंय, येतोस का? संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं.

"चालेल की नाही, एवढंच सांगा," ते म्हणाले. "चालणार नसेल तर आजच नाही कळवतो. परत त्याला दरीत नाही न्यायचं मला."

माझं नेहमीचं उत्तर ओठांवर आलं होतं. पण कागद हातात होता, आणि कागदावर सगळं बसत होतं. काठावर का होईना, बसत होतं. मग दुसरा भाग का अडत होता? हा प्रश्न मला तीन वर्षांपूर्वी पडायला हवा होता. मी त्यांना पाच वाजता यायला सांगितलं. ते कामावर परत गेले.

पाच मिनिटांऐवजी मी या वेळी अर्धा तास मशीन चालू ठेवलं आणि आतली उष्णता बघत बसलो. पंधराव्या मिनिटाला आकडा शंभराच्या घरात. प्रोसेसर एवढा तापला की भाजून निघू नये म्हणून स्वतःच हात आखडता घेतो, आणि चित्र अडतं. पापणी लवते तेवढंच. मी प्रोसेसरवरचा पंखा काढला. आजवर तो एकदाही काढला नव्हता, धूळ वरूनच उडवायचो. पंख्याच्या तळाशी चकचकीत धातू असतो. तो प्रोसेसरला टेकतो आणि उष्णता ओढून घेतो. नव्या पंख्याच्या त्या धातूवर एक पारदर्शक प्लास्टिक चिकटवलेलं असतं, बसवण्याआधी सोलून काढायचं. त्यावर तसं लिहिलेलंही असतं.

ते तिथेच होतं. रेनकोट घालून अंघोळ करावी तसा तो पंखा सहा वर्षं फिरत होता. आणि डब्याच्या आतल्या पत्र्यावर मार्करने माझ्या अक्षरात लिहिलेलं: जोडणी तपासली. खाली तारीख आणि सही. प्रत्येक मशीनमध्ये मी हे लिहितो, गिऱ्हाइकाला दाखवतोही.



प्लास्टिक सोललं, उष्णता वाहून नेणारी नवीन पेस्ट लावली, पंखा बसवला. नव्या भागाचा एक घाट कंपनीने आधीच खेळून बघायला ठेवलाय, तो अर्धा तास चालवला. आकडा पासष्टच्या पुढे गेला नाही. मधल्या सेटिंगवर लोण्यासारखा चालला. आता फक्त एवढंच म्हणायचं होतं की साफ केलं, चालेल. ते आभार मानून गेले असते. खोटं कशाला सांगू, ते प्लास्टिक मी कचऱ्याच्या डब्यात टाकलंही. दहा मिनिटं तसाच बसलो. मग लाज वाटली आणि बाहेर काढलं.

पाच वाजता ते आले. मी बोलायला सुरुवात केली आणि मधेच थांबलो तर जमणार नाही म्हणून एका दमात सगळं सांगितलं. चूक माझी, यंत्र चांगलं होतं, तुम्ही सांगत होतात ते शब्द न् शब्द खरं होतं. त्यांनी ते प्लास्टिक चिमटीत धरून उजेडाकडे केलं. काच तपासावी तसं फिरवून पाहिलं. मग ते टेबलावर ठेवलं आणि विचारलं, खेळून बघू का?

बाजूला वळणं वाचायला कुणी नव्हतं. मीच वाचायला लागलो. डावं, तीव्र. उजवं, लांब. पूल, मग डावं. माझा आवाज धड लागत नव्हता, एकदा तर मी उजव्याला डावं म्हणालो, तेही त्यांनी रस्ता बघून सावरलं. अख्खा घाट पार झाला. गाडीचं चाक एकदाही रस्त्याबाहेर गेलं नाही. त्यांनी हात बाजूला घेतले, मांडीवर पालथे ठेवले आणि त्या हातांकडेच बघत बसले.

"मी टेबल सोडलं," ते म्हणाले. "तीन वर्षं झाली."

मला आधी कळलंच नाही.

"भोकं पाडायचं टेबल. मालकांना मीच जाऊन सांगितलं, हात मागे पडतोय, काच तडकायच्या आत सोडतो. ते नको म्हणत होते. एकही तडकली नव्हती हो तोवर."

तेव्हापासून ते काचा धुऊन पुसून पाकिटात भरतात. मी विचारलं, टेबल परत मागता नाही येणार? म्हणाले, ज्या मुलीला दिलं तिला मीच शिकवलंय, चांगलं करते, तिला उठवू का? आणि आठ महिन्यांत मी निवृत्त होतोय. हे सगळं ते पावसापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं सांगत होते. ते दोन शब्द रागाने बोलले असते तर मला बरं वाटलं असतं. मी माफी मागितली. एवढ्या मोठ्या गोष्टीला ती माफी कुठे पुरणार, हे मागतानाच कळत होतं. 

मग त्यांनी फोन काढला आणि भावाला निरोप लिहिला. मला दाखवला नाही, पण टाइप करताना एकच शब्द झाला असावा. भावाचं उत्तर लगेच आलं. ते वाचून त्यांनी चष्मा काढला, डोळे पुसले आणि परत घातला.

मी मशीनचं झाकण लावायला घेतलं.

"थांबा," ते म्हणाले. स्टूल ओढून माझ्या अगदी हाताशी बसले. "पंखा परत काढा आणि माझ्यासमोर बसवा."

मी काढला. तळ पुसून त्यांना दाखवला, पेस्ट लावली, पंखा ठेवला आणि एकेक स्क्रू आवळला. ते वाकून बघत राहिले. सहा वर्षांपूर्वी जोडणीच्या दिवशीही त्यांनी विचारलं होतं, शेजारी बसून बघू का. डोक्यावर कुणी उभं राहिलं की मला काम सुचत नाही, म्हणून मी त्यांना बाहेर बाकावर बसवलं होतं.