गैरहजर सभासद

सात वर्षे मी कोल्हापूर भागातल्या प्राथमिक शिक्षकांच्या मंडळाचा अध्यक्ष होतो. त्या वर्षांतली माझी कामे जुने लोक अजून सांगतात, आणि मीही, ऐकणारा कोणी भेटला की, हात आखडता घेत नाही. एक गोष्ट मात्र मी टाळत आलो. ती इथे लिहून ठेवतो. तोंडाने सांगायला बसलो तर मी तिला सोयीचे वळण देईन, एवढा मी स्वतःला ओळखतो.

मंडळ माझ्या हाती आले तेव्हा त्याला शिस्त म्हणून नव्हती. आमच्याच शाळेच्या मोठ्या वर्गात रविवारी सभा भरे. गारगोटी, पन्हाळा अशा लांबून आलेले शिक्षक मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसत आणि एकाच वेळी दहा जण बोलत. ज्याचा आवाज मोठा त्याचे मत ते मंडळाचे मत. मी पडलो हेडमास्तर; मला हा बाजार बघवेना. पहिल्याच सभेत मी टेबलावर शाळेची घंटा ठेवली, बोलायचे असेल त्याने हात वर करायचा असे बजावले आणि हजेरीचा तक्ता सुरू केला. जो येणार नाही त्याच्या नावापुढे ‘गैरहजर’, आणि असे लागोपाठ तीनदा झाले की नाव कमी. शिक्षकच ते, बाकावर बसवल्यावर त्यांचे विद्यार्थी व्हायला वेळ लागला नाही. एक जण तर पाणी प्यायला जाताना माझी परवानगी मागून गेला. मला ते फार आवडले, हे कबूल करतो.

शिस्तीने कामे झाली हेही खरे. गावोगावच्या शिक्षकांना जनावरांची मोजदाद करायला लावत असत, ते आमच्या अर्जामुळे बंद झाले. तेव्हापासून शिक्षण खात्यातले साहेब लोक मंडळाला विचारू लागले. आपल्या शब्दाला वजन आले की माणूस तो शब्द लवकर लवकर देऊ लागतो. माझे तसेच झाले.

त्याच सुमारास महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. खेड्याखेड्यांत शाळा निघाल्या, कुठे देवळात, कुठे चावडीत, कुठे कोणाच्या पडवीत. मूल शाळेत आले नाही तर आईबापांना दंड होई, आणि तो ठरे शिक्षकाच्या हजेरीपत्रकावरून. हजेरीपत्रक ही शिक्षकाची अब्रू आहे, असे मी प्रत्येक सभेत सांगत असे. सांगताना टेबलावर हात आपटत असे.

अशात एका आषाढात खात्याचे पत्र आले. गगनबावड्याच्या बाजूला, घाटाच्या तोंडाशी असलेल्या एका वाडीवरच्या शाळेत तपासणीस साहेब भर पावसात अचानक गेले होते. वर्गात मुले पाच आणि हजेरीपत्रकावर हजर अठ्ठावीस. शिक्षकाने खोटी हजेरी मांडली हे उघड होते. खात्याने मंडळाचे मत दहा दिवसांत मागवले. तो शिक्षक अलीकडेच आमचा सभासद झाला होता. शेतकऱ्याघरचा, तिशीचा, ट्रेनिंग कॉलेजात माझ्याच ओळखीने शिकलेला. दोन सभांना आला होता, दोन्ही वेळा मागच्या बाकावर बसून काही न बोलता गेला होता. मी सगळ्यांना कार्डे टाकली आणि पुढच्या रविवारी सभा बोलावली.

सभेला तो आला नाही.

मुसलमान मुलांच्या शाळेत शिकवणारे एक वृद्ध शिक्षक आमच्या मंडळात होते. आम्ही सारे त्यांना चाचा म्हणत असू. त्यांनी हात वर केला.

“हेडमास्तर, गडी आला न्हाय अजून. त्येला येऊ दे की. चार दिसांनी बसू.”

“चाचा, कार्ड सगळ्यांना एकाच दिवशी गेले,” मी म्हणालो.

“घाटाकडला माणूस हाय. तिकडं पाऊस लई.”

“पाऊस इथेही आहे. तुम्ही आलात ना?”

दोघेतिघे हसले. मला माझे उत्तर चुरचुरीत वाटले. मग मी उभा राहून म्हणालो, की आपली बाजू मांडायलासुद्धा हा मनुष्य आला नाही, यातच सगळे आले. ठराव मी घरूनच लिहून आणला होता: खोटी हजेरी हा शिक्षकी पेशाला कलंक आहे, खात्याने योग्य ते करावे, मंडळ त्याच्या आड येणार नाही. हात वर झाले. चाचांनी केला नाही. मी ‘बहुमताने मंजूर’ असे लिहिले आणि दुसऱ्याच दिवशी ठराव खात्याकडे धाडला.

बुधवारी मधल्या सुट्टीत तो माझ्या शाळेच्या दारात उभा राहिला. डोक्यावर इरले, वहाणा हातात, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले.

“सभा कुठं हाय, हेडमास्तर?”

“झाली. रविवारीच झाली.”

“कार्ड घावलं त्याच दिशी निघालतो. वाटंत पाणी चढलं. तीन दिस अल्याड येता येईना.”

“मग निदान पत्र तरी धाडायचे.”

त्याने माझ्याकडे बघितले. रागाने नाही, वर्गात एखादा हुशार मुलगा सोपे गणित चुकला तर आपण बघतो तसे. “टपाल बी त्याच वाटंनं येतंय की,” तो म्हणाला. मग ठराव काय झाला ते त्याने विचारले. मी वही काढली आणि सभेत वाचून दाखवतात तसा मोठ्याने सगळा ठराव त्याला वाचून दाखवला. त्याने उभ्याउभ्या ऐकला, “बरं” म्हणाला आणि गेला. मी त्याला बसा म्हटले नाही. पाणी विचारले नाही. का असे केलेस, एवढेही विचारले नाही.

पंधरवड्याने त्याला कामावरून काढल्याच्या हुकमाची नक्कल मंडळाकडे आली. त्यात एक ओळ होती: शिक्षक मंडळाचेही मत असेच असल्याने. मी ती नक्कल नीट घडी करून दप्तरात ठेवली आणि मागच्या सभेचा हजेरीचा तक्ता पुरा करायला घेतला. त्याच्या नावापुढे माझ्या वळणदार अक्षरात ‘गैरहजर’ होते. वाटेत पाणी, म्हणून माणूस पोचला नाही; मी त्याला गैरहजर मांडले आणि त्याची शिक्षा दिली. माझ्या तक्त्यात एक अक्षर खोटे नव्हते, आणि त्या खऱ्या हजेरीने त्याची भाकरी गेली होती. मला लाज वाटली. इतकी, की त्या दिवशी मी घरी कोणाशी धड बोललो नाही, आणि बोललो ते खेकसलो.

दसरा उलटल्यावर मी खास सभा घेतली. तो तेव्हा गुळाच्या पेठेत एका व्यापाऱ्याकडे लिहिण्याच्या कामाला लागला होता. मी स्वतः जाऊन त्याला बोलावणे केले. सभेत तो पुन्हा मागच्याच बाकावर बसला. मी उभा राहिलो आणि घोळवून घोळवून बोललो. माझी घाई झाली, मी अध्यक्ष म्हणून चुकलो, गैरहजर माणसाचा निवाडा मी केला, सगळे सांगितले. बोलताना माझा आवाज भरून आला आणि तो भरून आल्याचे मला बरेही वाटले. शेवटी ठराव वाचला: मागील ठराव रद्द, सदर शिक्षक निर्दोष आहेत असे मंडळाचे मत आहे. हात वर झाले. मागच्या वेळचेच हात, तितक्याच तत्परतेने. चाचांचा हात याही वेळी खालीच होता.

मी चिडलो. “चाचा, आता काय राहिले? तुमच्या मनासारखेच होतेय ना?”

“माज्या मनाचं काय घिऊन बसलाय?” चाचा म्हणाले. “मागल्या टायमाला गडी न्हवता, ठराव झाला. आज गडी हितं बसलाय, तरी ठराव झाला. त्येला कुणी इचारलं?”

त्याच्या बाजूने मी दोन तास तयारी केली होती आणि त्याला एक शब्द विचारला नव्हता. मी खाली बसलो. “बोला मास्तर,” एवढेच म्हणता आले.

तो बाकातून अंग सोडवत उठला.

“निर्दोष लिवू नका,” तो म्हणाला. “हजेरी म्या खोटीच मांडली. चार-पाच घरं सोडली तर वस्ती नदीच्या पल्याड हाय, शाळा अल्याड. पावसाचं दोन-अडीच म्हैनं पोरं येत्यात कशी? परवाच्या साली म्या खरी मांडत हुतो. आईबापास्नी दंड झाला. दुसऱ्यांदा दंड नगं म्हणून एका बापानं पोरगं पाण्यात घातलं, जा म्हणाला शाळंला. सात वर्साचं हुतं. दोन दिसांनी खाली घावलं.”

त्याने टेबलावरच्या माझ्या कागदाकडे बोट केले.

“दुसऱ्या दिसापास्नं म्या समदी हजर मांडाय लागलो. माजं ऱ्हाऊ द्या. पावसाचं दिस हजेरीत धरू नका, एवढं लिवा.”

माझा ठराव मी स्वतःच्या हाताने फाडला. नवा त्याने सांगितला तसा लिहून घेतला, माझे अलंकार न घालता: घाटाकडच्या शाळांना उन्हाळ्याऐवजी पावसाळ्यात सुट्टी द्यावी आणि पाण्यामुळे न आलेल्या मुलाच्या घरी दंड करू नये. चाचांचा हात सगळ्यांच्या आधी वर गेला. शेवटी, त्याला न विचारता, मी आणखी एक अर्ज जोडला. या शिक्षकाला परत कामावर घ्यावे, असा. सभेचा सगळा वृत्तान्त सोबत धाडला.

वैशाखात उत्तर आले. महाराजांच्या सरकारने सुट्टीची मागणी पुरी मान्य केली होती. दुसऱ्या अर्जाला दोन ओळींचे उत्तर होते: खोटी हजेरी मांडल्याचे सदर इसमाने भर सभेत स्वतः कबूल केल्याचे मंडळाच्याच वृत्तान्तावरून दिसते, सबब विचार करता येत नाही. वृत्तान्त अर्थातच माझ्या हातचा होता, शब्दन् शब्द बरोबर.

मी दोन्ही कागद घेऊन गुळाच्या पेठेत गेलो. हंगाम सरत आला होता, वखारीत थोड्याच ढेपा उरल्या होत्या आणि तो एका पोत्यावर बसून काही लिहीत होता. या वेळी मला बसायला त्याने जागा करून दिली. दुसरा कागद त्याने एकदा वाचला आणि बाजूला ठेवला. सुट्टीचा हुकूम मात्र बोट फिरवत दोनदा वाचला. त्याचा चेहरा उजळला. मी काही तरी सांत्वनाचे बोलायला गेलो तर त्याने हाताने थांबवले.

“माज्या जागंवर कोण दिलाय?” त्याने विचारले.

“कागलाकडचा एक मुलगा आहे. नुकताच ट्रेनिंग होऊन आलेला. मंडळानेच शिफारस केली.”

“सुट्टी हाय खरं,” तो म्हणाला, “पण वरच्या अंगाला आधीच पाऊस झाला तर सुट्टी लागायच्या आत बी नदी फुगती. पोरं अल्याड असत्यात, पाणी मागनं येतं. पवाय येतंय नव्हं त्येला?”

त्या मुलाची शिफारस माझ्या सहीने गेली होती. मी त्याचे अक्षर पाहिले होते, त्याच्याकडून गणिते सोडवून घेतली होती, हजेरी कशी ठेवतो ते दोनदा तपासले होते. पोहता येते का, हे मी त्याला विचारलेच नव्हते.