दवंडी मागे घ्या

बांगलादेशच्या लढाईच्या वेळी पोलिसांनी मला धरून नेलं. गुन्हा काय, तर गावची विहीर सगळ्यांना खुली करा, असं पत्रक जाफराबादच्या बाजारात वाटलं. लढाई चालू असताना पाणी मागणं म्हणजे म्हणे देशद्रोह! कोर्टानं पुढं मला निर्दोष सोडलं. पण गावात मी देशद्रोहीच होतो, कारण पोलीस पाटलानं तशी दवंडी दिली होती. "त्या घराशी कुणी संबंध ठेवायचा न्हाई." तेव्हापासून मायला कुणी खुरपणीला बोलावत नव्हतं.

मी थेट पाटलाच्या ओसरीवर गेलो.

"काय रे, सुटलास का?"

"सुटलो न्हाई पाटील, निर्दोष ठरलो. आता तशी दवंडी द्या."

पाटील हसला. "सुटल्याची दवंडी कुठं असती का? आन् दवंडीचं काम तर तुमच्याच लोकांचं व्हतं. घे डफडं, दे तुझी तूच!"

हा टोमणा साधा नव्हता. गावकीची कामं आमच्या वस्तीकडं होती. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या वर्षी वडिलांनी डफडं खाली ठेवलं, ते कायमचं. माझ्या बदनामीच्या वेळीसुद्धा पाटलाच्या सालगड्यानं तेलाचा डबा बडवला होता आणि पाटील स्वतः ओरडला होता. माझी अब्रू मला पाहिजे होती, पण डफडं गळ्यात अडकवून नको होती.

मी दुसरं पत्रक काढलं. त्यात एकच मागणी: दवंडी मागे घ्या, पाटलाच्या तोंडून. टेंभुर्णीपासून जाफराबादपर्यंत वाटलं. वस्तीतली माणसं निकालाची नक्कल घेऊन माझ्याबरोबर तहसीलवर बसली. तिसऱ्या खेपेला तहसीलदारानं पाटलाला बोलावून घेतलं.

बाजाराच्या दिवशी सालगड्यानं डबा बडवला. पाटील पारावर उभा राहून पुटपुटला, "कोर्टानं ह्याला निर्दोष सोडलंय. संबंध ठेवायला हरकत न्हाई."

गर्दीतून माय ओरडली, "पाटील, ऐकू येऊन न्हाई राह्यलं! मागच्या टायमाला तर लई घसा फुटला व्हता!"

लोक हसले. पाटलाला पुन्हा बोलावं लागलं, मोठ्यानं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच पाटलाच्या भावकीतली एक बाई दाराशी आली. "आत्याबाई, खुरपणीला येता का? जल्दी चला, ऊन व्हतंय."

"येते, पण मंग येते," माय बसल्या जागेवरून म्हणाली. "आधी पोराबरोबर चहा घेते."

ती बाई उन्हात थांबून राहिली. माय चहा सावकाश प्याली.