दसऱ्याला न आणलेला लेथ

शाळा आठवीतच सुटली आणि मी गोंदियाकडून थेट इथं, वाळूजला येऊन पडलो. बारा वर्षं दुसऱ्यांच्या लेथवर उभा राहून लोखंड कातलं. मग घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःचा लेथ बसवायचं ठरवलं. नोकरी सोडून झाली होती. साठवलेलं सगळं एकाच मशीनमध्ये जाणार होतं. निवड चुकली तर दुसरी संधी नव्हती. महिनाभर जेवण गोड लागलं नाही.

जुन्या मशिनींच्या एका गाळ्यात हिरव्या रंगाचा लेथ मनात भरला. चकाजवळ, म्हणजे काम पकडून फिरवणाऱ्या जबड्याजवळ, हँडल फिरवून पाहिलं. सॅडल, म्हणजे हत्यार धरून बेडच्या लोखंडी रुळांवर पुढं-मागं सरकणारा भाग, लोण्यासारखा सरकत होता. दसऱ्याला घरी न्यायचं पक्कं केलं. फक्त एक शहाणपण केलं: ज्या टर्नर चाचांनी मला पहिल्यांदा मशीनवर उभं केलं, त्यांना सोबत घेतलं.

दसऱ्याला गाळ्यातल्या साऱ्या मशिनींना झेंडूच्या माळा होत्या. हिरव्या लेथच्या चकावर हळद-कुंकू. मी चालवून दाखवा म्हटल्यावर गाळेवाल्यानं कानाला हात लावला.

"आज नाय, दादा. पूजा झाली की बटन दाबत नाय आम्ही. पण काळजी करू नका, मशीन एकदम कडक हाय."

मी मान डोलावली. आमच्या कंपनीतही हाच नेम. शिवाय मुहूर्त टळेल ही धास्ती होतीच. चाचा मात्र हसले.

"तुमच्या पूजेला धक्का नाय लावत, शेठ. हातानं सरकवायला तर मनाई नाय ना?"

"सरकवा की."

चाचांनी माळ अलगद बाजूला केली आणि हँडल फिरवत सॅडल दुसऱ्या टोकाकडं नेऊ लागले. अर्ध्या वाटेवर तो जड झाला. पुढं गेलाच नाही.

"दाब अजून," चाचा मला म्हणाले.

मी दोन्ही हातांनी जोर लावला. जागचा हलेना.

"सगळं काम चकाजवळच होतं, म्हणून बेड तिथंच घासला," ते म्हणाले. "ढिला वाटू नये म्हणून तिथं सॅडल आवळून ठेवलाय. जिथं बेड कोरा हाय, तिथं तो अडकणारच. एवढी वर्षं चकासमोर उभा राहिलास, पल्याडचं टोक कधी बघितलंच नाय व्हय रे?"

गाळेवाला म्हणाला, "चाचा, तुम्ही लई खोदून बघता राव."

"खोदत नाय शेठ, सरकवतोय. तो मागचा दाखवा."

मागं रंग उडालेला, तेलकट, बुटका लेथ होता. त्याचा सॅडल या टोकापासून त्या टोकापर्यंत सारख्याच जोरानं गेला. तरी चाचांनी हो म्हटलं नाही. "उद्या चालवून बघू."

रिकाम्या हातानं घरी आलो. बायको ओवाळायचं ताट घेऊन दारात उभी.

"मशीन कुठंय?"

"उद्या चालवून बघायचीय."

"बरं झालं. न बघता आणली असती, तर वर्षभर तुमचं पडलेलं तोंड बघावं लागलं असतं मला."

दुसऱ्या दिवशी त्या बुटक्या लेथचं बटन दाबलं. चाचांनी एक गज बांधून त्याच्यावरून हलका कट घेतला आणि मायक्रोमीटर माझ्या हातात दिला. मी चकाजवळ मोजलं, मग लांबच्या टोकाला. विश्वास बसेना, म्हणून पुन्हा मोजलं. दोन्हीकडं तोच आकडा, म्हणजे गज टोकापर्यंत सारखाच कातला होता. तिथंच एका खोक्यावर बसलो. चाचांचे पाय धरायला वाकलो, तर त्यांनी दंड धरून उभं केलं.

"पाय सोड, टेम्पोवाल्याला फोन लाव. बसून काय मशीन घरी जाणार हाय?"