बर्फाखाली दिसतं तसं

स्तूरेला मी किती ओळखत होतो, असं कुणी विचारलं तर मला नीट सांगता येणार नाही. आमच्या दोन घरांमध्ये एक बटाट्याचं शेत आणि एक कुंपण. जन्म एकाच वर्षीचा, शाळा एकच, आणि शरद ऋतूत मूसच्या, म्हणजे रुंद शिंगांच्या घोड्याएवढ्या हरणाच्या, शिकारीची टोळीही एकच. तरी त्याला लग्न करायचं होतं की नव्हतं, जंगलात ओंडके ओढायचं यंत्र चालवताना तो दिवसभर कसला विचार करायचा, यातलं मला काही ठाऊक नाही. तो बोलायचाच कमी. आमच्याकडे, उत्तरेच्या या थंड मुलखात, ‘हो’ म्हणायचं तर माणसं तोंडाने छोटासा श्वास आत ओढतात. स्तूरेचं निम्मं बोलणं त्या श्वासातच उरकायचं.

त्याचे वडील हेल्गे शिकारीच्या दिवसांतच गेले होते. पाठीत कळ आली म्हणून झाडाला टेकून बसले, ते उठलेच नाहीत. मुतखडा, असं गावाने ठरवून टाकलं. स्तूरे त्यावर कधी बोलला नाही.

आम्ही पासष्ट वर्षांचे झालो तेव्हा दोघांना एकाच सकाळचं बोलावणं आलं. त्या वयाच्या प्रत्येक पुरुषाच्या पोटाची सोनोग्राफी सरकार करतं. हृदयातून निघून पोटात उतरणारी मोठी रक्तवाहिनी काही जणांत फुगत जाते. दुखत नाही, खुपत नाही. फुटली की मात्र माणूस दवाखान्यापर्यंत पोचणंही कठीण. ती तपासणी नेमकी सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, म्हणजे शिकारीच्या पहिल्या दिवशी आली.

“तारीख कुणी ठरवली?” गाडी चालवताना स्तूरेने विचारलं.

“शहरातल्या कुणीतरी.”

“त्याच्याकडे बंदूक नसणार.”

आरोग्य केंद्रात तपासायला मायब्रिट होती. शेजारच्या गावातली, त्यामुळे तिला आमच्या सगळ्या खोडी माहीत. तिने आधी स्तूरेला आत घेतलं आणि लगेच बाहेर आणलं.

“उपाशीपोटी ये म्हटलं होतं ना? काय खाल्लंस?”

“काही नाही. कॉफी प्यायलो फक्त.”

“चीज टाकून?”

स्तूरेने श्वास आत ओढला.

“किती?”

“नेहमीएवढं.”

“म्हणजे अर्धा कप चीज. ते खाणं नव्हे?”

“ते कॉफीत होतं,” स्तूरे म्हणाला.

खरं सांगायचं तर मला त्याचं म्हणणं पटलं. आमच्याकडे कपात चीजचे तुकडे टाकून वर उकळती कॉफी ओततात आणि शेवटी ते चमच्याने काढून खातात. त्याला खाणं कुणीच म्हणत नाही. माझ्या घरचं चीज संपलं होतं, म्हणून मी वाचलो, एवढंच.

“पोटात नुसता वारा भरलाय,” मायब्रिट म्हणाली. “वाऱ्यापलीकडचं यंत्राला दिसत नाही. थांब, दुपारी परत बघते.”

“दुपारी मी डोंगराखाली दबा धरून बसलेला असणार.”

“मूस उद्याही असेल.”

“पहिला दिवस उद्या नसेल.” त्याने टोपी चढवली. “ह्याचं झालं की निघतो आम्ही.”

मी आत जाऊन आडवा झालो. पोटावर गार चिकट काहीतरी लावून मायब्रिटने हातातला ठोकळा दाबला आणि पडदा माझ्याकडे वळवला. आधी नुसता करडा गोंधळ. मग हळूहळू त्यात एक काळी वाट दिसू लागली, सरळ, आणि तिचे काठ हलत होते. एक ठोका, एक हालचाल. पासष्ट वर्षं ती माझ्या आत वाहत होती आणि मी तिची कधी चौकशीसुद्धा केली नव्हती.

“छान आहे तुझी,” मायब्रिट म्हणाली. मला उगीचच लाजल्यासारखं झालं.

बाहेर स्तूरे किल्ल्या हातात घेऊन उभा होता.

“दिसलं काही?”

“दिसलं.”

“कसं?”

मला सांगता येईना. मग म्हणालो, “मार्चमध्ये गोठलेल्या तळ्यावर आपण पालथे पडतो ना, डोक्यावर कोट घेऊन, बर्फातल्या भोकातून बघत? आधी सगळं काळं. मग तळाचे दगड दिसतात. मग एखादा मासा सरकतो. तसं.”

तळ्यावर तसं बघत पडून राहणं हा त्याचा एकच नाद होता.  त्याने टोपी काढली आणि तो खुर्चीत बसला.

दुपारी मायब्रिटने हाक मारली तेव्हा तो मला म्हणाला, “तूही चल. मला नंतर सांगता यायचं नाही.”

त्याच्या पोटातला वारा आता बसला होता. माझ्यात ओढ्यासारखी सरळ गेलेली ती काळी वाट त्याच्यात मध्येच रुंद झाली होती, आमची नदी दोन खळाळत्या उतारांच्या मध्ये संथ पसरते तशी. भीती वाटायला हवी होती, पण आधी वाटलं की किती शांत आहे हे. मायब्रिटने माप घेतलं, पुन्हा घेतलं.

“दोन सेंटिमीटर असायला हवी,” ती म्हणाली. “ही सहाला टेकलीय.”

स्तूरेने मान वळवून पडद्याकडे पाहिलं.

“बाबांना मुतखडा नव्हता,” स्तूरे म्हणाला.

मायब्रिटने हात तसाच ठेवला. “उमिओच्या मोठ्या इस्पितळात पाठवतील. ऑपरेशन करा म्हणतील. जाशील?”

स्तूरेने श्वास आत ओढला. आणि पडद्यावर ते सगळं, काठ, काळोख, ठोका, एकदम खाली सरकलं आणि हळूच जागेवर आलं. लहानपणापासून मी त्याचा तो होकार ऐकत आलो होतो. दिसला मात्र त्या दिवशी. मी टोपी काढायला हात वर नेला, तर टोपी आधीपासूनच हातात होती.

“मग शिकार?” मी विचारलं.

“मूसला म्हणावं, वाचलास,” स्तूरे म्हणाला.

त्याच महिन्यात उमिओच्या सर्जननी त्या फुगलेल्या जागी कापडाची नळी शिवली. त्यानंतर तो आठ हिवाळे जगला. एका एप्रिलमध्ये झोपेतच गेला. डॉक्टर म्हणाले, त्या नळीला काहीही झालेलं नव्हतं.

आदल्या दिवशी दुपारी तो तळ्यावरून परत येत होता. बर्फावर अंथरायचं रेनडिअरचं कातडं गुंडाळून घसरगाडीवर बांधलेलं. मी कुंपणापाशी उभा होतो.

“दिसलं काही?”

“एक मोठा होता. आला, गेला.”

“धरला नाहीस?”

“बघत होतो.”

“संध्याकाळी कॉफीला ये.”

“चीज आहे?”

“आहे.”