माझी सायकल अंगणात जाम केली

बायांनो, मी चौथीपर्यंतच शिकलेय, चुका काढत बसू नका. मुद्दा ऐका.

जन्मभर सायकलवर गावोगाव बांगड्या विकल्या. धंदा सोडला, सायकल नाही. फागुन लागला की रोज सकाळी नदीपलीकडे प्रकाशा गावी माझ्या जुन्या गिऱ्हाइकाकडे, जामनाबाईकडे जाते. ती खाटेवरून उठत नाही. होळीआधी तिच्या हातात बांगड्या मीच भरते.

मागल्या आठवड्यात उसाच्या ट्रॅक्टरने कडेला दाबलं, मी रस्त्यालगतच्या चारीत गेले. कोपर खरचटलं, एवढंच.

तर आज पोराने लोखंडी स्टँड आणला, मागचं चाक वर उचललं आणि सायकल अंगणात नटबोल्टने आवळून टाकली. "माय, आते आठेच चालाड. पडानी भीती नही." आणि पाना घेऊन कामावर गेला.

रागारागात बसले आणि पायडल मारले. चाक गरगर, समोर भिंत. शेजारीण मिरच्या पसरता पसरता हसली, "आक्का, कोठे चालनी?"

म्हटलं, "प्रकाशाला. पोचले की फोन करते."

तेवढ्यात जामनाबाईचाच फोन, का आली नाहीस म्हणून. "काब्र उनी नही वं? होळी उनी, मन्हा हात उघडाच शे."

सून म्हणाली, "आत्याबाई, बांगड्या पाठाडी द्या ना कोनाबरोबर."

पाठवलेली बांगडी तिच्या वाकड्या बोटांवरून चढवणार कोण? हात चोळत, बोलण्यात गुंगवत भरावी लागते ती.

मी पायडल मारत होते त्याचा व्हिडिओ सुनेने आपल्या या ग्रुपवर टाकलाय. तुम्ही सगळ्यांनी अंगठे दिले, फुलं टाकली. म्हातारी निघालीय कुठे, हे एकीने तरी विचारलं का?