श्रीखंडाच्या डब्यातलं ग्रीस

लवूचं गॅरेज जोगेश्वरीला, गुंफांकडे जाणाऱ्या रस्त्यावर. साखळीऐवजी लोखंडी दांड्यावर चालणाऱ्या जुन्या परदेशी मोटारसायकली उघडायला आता फारसं कुणी धजावत नाही. लवू धजावतो. त्या गर्वावर त्याने आयुष्य काढलं.

अशा गाडीचा गिअरबॉक्स इंजिनापासून सोडवला की आत एक दांडा दिसतो. त्यावरच्या उभ्या खाचांना स्प्लाइन म्हणतात. क्लचची प्लेट त्यांच्यावरून मागेपुढे सरकते. तिथे ग्रीस लावायचं ते नखभर, आणि चिवटच हवं. भलतंच लावलं तर तापून उडतं, कोरड्या प्लेटवर जाऊन बसतं, आणि मग इंजिन नुसतं बोंबलतं, गाडी जागची हलत नाही.

लवूकडे ग्रीसचे दोन डबे होते. एक चाकांच्या बेअरिंगसाठी, एक स्प्लाइनसाठी. दोन्ही ग्रीस काळंकुट्ट, आणि दोन्ही भरलेलं श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत. वर नाव लिही म्हटलं की हा बाबा चिडायचा. "हाताक कळता माका," म्हणायचा. आणि कळायचंही, खोटं कशाला बोला. अंगठा आणि बोट यांच्यामध्ये जरासं चोळलं की एक लोण्यासारखं निसटायचं, दुसरं कातडीला धरून बसायचं. डोळ्यांना मात्र दोन्ही सारखंच.

मग शुगर झाली. पथ्य बायकोने, लताने, सांभाळलं, पण बोटांना मुंग्या आल्या त्या गेल्याच नाहीत. पुढे मुंग्याही थांबल्या. लवूला वाटलं, बरं झालं. एकदा तापल्या सायलेन्सरवर बोट टेकलं आणि त्याला आधी वास आला, चटका बसल्याचं कळलंच नाही. हे त्याने कुणालाही सांगितलं नाही, लतालासुद्धा.

अनिरुद्ध त्याचं जुनं गिऱ्हाईक, बोरिवलीचा. त्याची गाडी लवूने सगळी उघडून, करून दिली होती. ती परत आली टेम्पोतून. घाटात चढावर क्लच घसरायला लागला, गाडी मागे येऊ लागली, मागे त्याची बायको सपना बसलेली. मागचा ट्रकवाला वेळेत थांबला म्हणून दोघं वाचली.

"होतं असं, लवूकाका," अनिरुद्ध म्हणाला. "जुनी गाडी आहे ना."

त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तो गेल्यावर लवूने गिअरबॉक्स सोडवला. प्लेटवर काळे शिंतोडे उडालेले होते. गाडीचा काही दोष नव्हता. लवूच्याच हातून स्प्लाइनला दुसऱ्या डब्यातलं, बेअरिंगचं ग्रीस लागलं होतं.

दुपारी जेवायला घरी जाताना त्याने दोन्ही डबे पिशवीत घातले. दुकानातून नवं ग्रीस आणून काम भागलं असतं, पण त्याला आपल्या बोटांचा निकाल हवा होता. लता तांदळाच्या भाकऱ्या थापत होती.

"लता गो, हात पूस. ह्या जरा चोळून बघ."

"काय ह्या? जेवच्या टायमाक?"

"चोळ तरी."

तिने एका डब्यातलं चोळलं, मग दुसऱ्यातलं. "ह्या सुळसुळीत. आणि ह्या चिकटता, सोडणा नाय." मग तिने मान वर केली. "तुमका कळणा नाय?"

लवूने नाही म्हणून मान हलवली. लताने परातीकडे पाहिलं, पण तिचे हात काही पुन्हा पिठात गेले नाहीत.

"कधीपासून?" तिने विचारलं. लवू डब्यांची झाकणं लावू लागला.

प्लेट नवी घातली. लताने दाखवलेल्या डब्यातलं ग्रीस, नखभर, खाचांना लावलं. अनिरुद्ध गाडी घ्यायला आला, आरे कॉलनीच्या चढावर चक्कर मारून आला तो खूश होऊन.

"झकास झाली काका. तुमच्या हाताची सर कुणाला नाही."

लवूला सांगायचं होतं की पुढच्या वेळी दुसरीकडे दाखव. तेवढ्यात अनिरुद्धने हात पुढे केला आणि लवूनेही दिला. अनिरुद्धने त्याची बोटं घट्ट दाबली असावीत, त्याच्या चेहऱ्यावरून तरी लवूला तसं वाटलं.