तीन वेळा नाही

कुलूपकाकांचं खरं नाव कोणाच्या तोंडी नव्हतं. बायको होती तोवर ती 'अहो' म्हणायची, लेक 'बाबा' म्हणते, आणि बाकी सगळ्या गल्लीचे ते कुलूपकाका. मूळचे ते प्रार्थनाघराचे राखणदार. सकाळी दार उघडायचं, फरशी पुसायची, दिवा लावायचा, संध्याकाळी दार लोटून घरी यायचं. वडिलांनीही जन्मभर हेच केलं. काम साधंच, पण माणूस त्यात असा मुरलेला की घरी चहाला बसतानाही आधी हातानं जागा झाडून घ्यायचा. बायको वैतागायची, "अहो, हे प्रार्थनाघर नाहीये, टेका आता!"

मग भांडण झालं. कशावरून झालं ते ऐकाल तर कपाळावर हात माराल. बाकं दाराकडे तोंड करून ठेवायची की दिव्याकडे! एवढ्यावरून दोन तट पडले, सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि ज्याच्यासाठी बाकं मांडायची तो देव राहिला बाजूला. शेवटी ठरलं, निकाल लागेपर्यंत दिवा विझवायचा आणि दाराला कुलूप. पण किल्ली कोणाकडे द्यायची? दोन्ही तटांचा विश्वास बसेल असा गल्लीत एकच माणूस होता.

"आठवड्यातून एकदा अंगण झाडा, छप्पर गळतंय का ते बघा," काकांना सांगण्यात आलं. "पण आत कोणी थांबता कामा नये. तुम्हीसुद्धा."

काकांनी मान डोलावली. पोटासाठी एका शाळेत झाडलोटीचं काम धरलं, पण कोणी विचारलं तर म्हणायचे, "शाळेत नुसती नोकरी हो. माझं काम तिकडे आहे. दिवा लागला की मी परत जाणार."

सहाव्या वर्षी लेक माहेरी परत आली, पोटुशी. नवऱ्यानं दुसरा संसार थाटला होता आणि हिला दाराबाहेर काढलं होतं. घर म्हणजे काय, तर एक खोली, आणि घरमालक असा खाष्ट की पाहुणा दोन दिवस राहिला तरी जिन्यात येऊन खाकरायचा. "घरात पोर आलं तर खोली सोडायची," त्यानं बजावून ठेवलं होतं. काकांनी आठ दिवस विचार केला. नवव्या दिवशी त्यांनी प्रार्थनाघराचं मागचं दार उघडलं आणि खिडकीखालच्या कोपऱ्यात लेकीसाठी गादी घातली.

बाळ तिथंच जन्मलं, ओळखीच्या एका सुईणीच्या हातावर. मुलगा झाला. काका आजोबा झाले, आणि ही आनंदाची बातमी शेजारच्या वाण्यालाही सांगायची सोय नाही! तरी ते दिवसातून चार वेळा मागच्या दारानं जाऊन नातवाला बघून यायचे.

दोन आठवडेही झाले नसतील. एका सकाळी बाळाची छाती भरली. धाप लागली, दूध तोंडात धरेना. लेक म्हणाली, "बाबा, याला दवाखान्यात न्या." दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे. पण समोरच्या चहाच्या दुकानात त्या दिवशी दोन्ही तटांची माणसं ठाण मांडून बसली होती. काका खिडकीच्या फटीतून बघून आले.

"जरा दम धर," ते म्हणाले. "दुपारी रस्ता ओस पडला की नेऊ."

दुपारी रस्ता ओस पडला. तोवर बाळ गेलं होतं.

यानंतर बापानं काय करावं? लेकीला जवळ घ्यावं, रडावं, तिच्या पाया पडावं. काकांनी यातलं काहीएक केलं नाही. तिला आईबरोबर खोलीवर पाठवलं, बाळाला माती दिली, आणि परत येऊन बादली, सोडा आणि ब्रश घेऊन ती फरशी घासायला बसले. अंगात कामच तेवढं मुरलेलं होतं. काही बिनसलं की घासायचं, एवढंच त्या माणसाला येत होतं. तेव्हापासून नऊ वर्षं, दर आठवड्याला, बाकीच्या हॉलवर बोटभर धूळ साचली तरी ते तो एवढाच कोपरा घासत राहिले. घरात बाळाचा विषय पुन्हा निघाला नाही. पुढे सुईण गेली, बायकोही गेली. लेक एका शिंप्याकडे काजं-बटणं करायला लागली, आणि मान खाली घालून करण्याजोगंच काम मिळालं ते एका परीनं बरंच झालं.

अखेर तटांतले म्हातारे एकेक करून वर गेले आणि खाली समेट झाला. बाकं काढून खुर्च्या ठेवायच्या ठरल्या! पंधरा वर्षं आणि दोन पिढ्यांची डोकी खर्ची घालून निघालेली ही अक्कल. मंडळाचे नवे अध्यक्ष म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले हेडमास्तर. त्यांनी काकांना बोलावून घेतलं. "काका, दिवा पुन्हा लावायचा. जागाही पुन्हा वाहायची आणि तुम्हालाही."

तिथली रीतच तशी. बंद पडलेलं प्रार्थनाघर उघडायचं तर जागा आणि राखणदार दोघांना एकाच दिवशी देवाला वाहायचं. राखणदारानं उंबऱ्यावर उभं राहायचं आणि सगळ्यांसमोर तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची. आत आग लागली का? आत रक्त सांडलं का? आत कोणाचा जीव गेला का? तिन्ही वेळा 'नाही' आलं तर त्याच्या हातावर पाणी घालून दिव्याचं तेल त्याच्याकडे द्यायचं. एकदा जरी 'हो' आलं तर घर आणखी वर्षभर अंधारात आणि राखणदार दुसरा. त्यानं राखलं नाही असा त्याचा अर्थ.

पाहणीला मंडळी आत शिरली तेव्हा धुळीनं सगळ्यांना शिंका आल्या. हेडमास्तर मात्र खिडकीखाली जाऊन थबकले. चारी बाजूंना काळपट फरशी आणि मध्ये गादीएवढा तुकडा पांढराशुभ्र.

"काका, हे काय?"

"मी... मी बसायचो इथं. प्रार्थनेला. आत थांबायचं नव्हतं, कळतंय मला. चुकलं माझं."

हेडमास्तरांनी चष्मा काढून डोळे पुसले. "चुकलं म्हणता? आम्ही कोर्टात भांडत होतो आणि हा माणूस इथं आमच्यासाठी बसत होता! दिवा इथंच लावायचा. येणारा प्रत्येक माणूस या जागेला हात टेकेल."

काका त्या क्षणी बोलू शकले असते. तोंड उघडलंही होतं. पण कोणीतरी पाठीवर थाप मारली, कोणी हात हातात घेतला, आणि ते तोंड मिटलं.

दिवा लावायच्या आदल्या संध्याकाळी लेक त्यांच्या सदऱ्याला बटण लावत होती. मान वर न करता म्हणाली, "उद्या तिसऱ्या प्रश्नाला काय सांगणार?"

"रीतच आहे ती. सगळे राखणदार नाहीच म्हणतात."

"म्हणजे तो नव्हताच?"

"असं कुठं म्हणतोय मी? अगं, पंधरा वर्षं या दिवसाची वाट बघितली मी. माझं उरलंय काय दुसरं?"

लेकीनं दातानं दोरा तोडला. "खरंय. काही नाही उरलं," ती म्हणाली आणि ताटं घ्यायला उठली.

दुसऱ्या दिवशी अख्खी गल्ली लोटली. काका नव्या बटणाचा सदरा घालून उंबऱ्यावर उभे राहिले. पहिलं 'नाही' खणखणीत आलं. दुसरं जरा बसक्या आवाजात. तिसऱ्याला हेडमास्तरांनी विचारलं, "आत कोणाचा जीव गेला का?" काकांनी गर्दीत लेकीकडे बघायचं टाळलं आणि म्हणाले, "नाही." त्यांच्या हातावर पाणी घातलं गेलं, तेलाची बुधली हातात आली. पंधरा वर्षांनी दिवा लागला, लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग रांग लागली. प्रत्येकानं वाकायचं, दिव्यापुढच्या त्या पांढऱ्या फरशीला हात टेकायचा आणि पुढं सरकायचं. लेकीचा नंबर आला. ती वाकली नाही, मांडी घालून खाली बसली. तळहात फरशीवर ठेवला आणि हळूहळू थोपटायला लागली. झोपेला आलेल्या लेकराला थोपटतात ना, अगदी तसं.

"अगं, झालं ना? ऊठ आता, मागं माणसं खोळंबलीत," हेडमास्तरांच्या बायकोनं तिच्या दंडाला धरलं.

"तिला उठवू नका," काका म्हणाले.

"अहो पण रांग..."

"उठवू नका म्हणतो ना!"

काकांचा चढलेला आवाज गल्लीनं तोवर कधी ऐकला नव्हता. काकांनी बुधली खाली ठेवली.

"मी खोटं बोललो. माझा नातू इथं जन्मला आणि इथंच गेला. दवाखान्यात नेला असता तर जगला असता. तुम्ही लोक समोर चहा पीत बसला होतात आणि मला माझी किल्ली प्यारी होती, म्हणून नेला नाही. प्रार्थनेला मी कधीच बसलो नाही इथं. ही फरशी घासत होतो फक्त."

रांगेतल्या बायका तोंडाला पदर लावून उभ्या राहिल्या. हेडमास्तर एकदा दिव्याकडे आणि एकदा त्या थोपटणाऱ्या हाताकडे बघत राहिले.

"काका, आता रीतीप्रमाणे..."

"ठाऊक आहे," म्हणत काकांनी पुढं होऊन आपल्या बोटांनी वात विझवली.

रीतीप्रमाणे गेलेल्याची नोंद मंडळाच्या वहीत करावी लागते. हेडमास्तरांनी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि अगदी हलक्या आवाजात विचारलं, "किती दिवसांचा होता?"

काकांनी तोंड उघडलं. "आठ," ते म्हणाले. मग म्हणाले, "नाही, नऊ... थांबा, नऊ की..." ते कपाळ चोळायला लागले. नऊ वर्षं दर आठवड्याला घासून घासून त्यांनी तेवढंसुद्धा घालवून टाकलं होतं.

"अकरा," लेक म्हणाली. तिचा हात थांबला नव्हता. "अकरा दिवसांचा होता, बाबा."